धुडकूची सव्वा मूठ

धुडकू शिंप्याच्या आधीची त्याच्या आईची पोरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा शहाद्यातल्या जाणत्या बायांनी एकमुखानं सल्ला दिला, की याला देवाधर्माचं, राजामहाराजाचं नाव मुळीच ठेवू नका. काहीतरी फडक्यातुडक्याचं नाव ठेवा. काळ दारात आला तरी म्हणाला पाहिजे, 'हे काय उचलायचं!' आणि पुढच्या घरी गेला पाहिजे. तसं धुडकू नाव ठेवलं आणि युक्ती लागू पडली. काळानं ढुंकून पाहिलं नाही. पंचाईत एवढीच झाली, की बाकीच्यांनीही पाहिलं नाही.

पंगतीत वाढपी धुडकूच्या पानापाशी आला की हटकून भात संपायचा. नवा भात घेऊन यायचा तो पंगतीच्या दुसऱ्या टोकापासून वाढत यायचा, आणि धुडकूपाशी पोचेतो पुन्हा संपायचा. लग्नाच्या वयात त्याच्यासाठी गावोगाव मुली पाहिल्या. बरोबर धाकटा भाऊ रूपचंद असायचा आणि मुलीकडची माणसं रूपचंदलाच नवरदेव समजून गादीवर बसवायची. दोंडाईच्याच्या मंडळींनी तर चहा संपायच्या आत मुलगा पसंत म्हणून रूपचंदच्या हातात नारळ ठेवला. आता हातात आलेला नारळ परत कसा करायचा? सगळे एकमेकांकडे पाहू लागले तेव्हा धुडकूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." अशी मीनाबाई घरात आली ती धाकट्याची बायको होऊन, आणि धुडकू तिचा जेठ झाला. जेठाशी तोंडानं बोलायचं नाही ही रीत, आणि मीनाबाई रीतीची पक्की. धुडकूला काही सांगायचं असलं की ती पदर पुढे ओढून भिंतीला सांगायची. "लाकडं संपनात," असं ती भिंतीला म्हणायची, आणि भिंत काही लाकडं फोडत नसल्यामुळे धुडकू उठायचा.

शिंप्याच्या घरात जन्मून त्याला सदरा शिवता येत नव्हता. बापानं जीव तोडून शिकवलं. पण धुडकूनं एकदा एका पाटलाच्या सदऱ्याला अशा बाह्या लावल्या, की पाटलाला हात खाली करता येईनात. बिचारा दुकानातून शरण आल्यासारखा बाहेर पडला. "तुन्हा टाका पोतालेच शोभी!" असं बाप रागानं ओरडला. धुडकूनं ती आज्ञा मानली. बाजारात एका अडत्याकडे पोत्यांची तोंडं शिवायला लागला तो लागलाच. हातात दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा. भुईमूग असो, ज्वारी असो, नंदुरबारहून आलेली मिरची असो, पोतं भरलं की तोंड शिवायचं, आणि पोतं कुठंतरी लांब सुरतेकडे निघून गेलं की दुसरं ओढायचं. पावसाळ्यात धंदा मंदावला की जुन्या पोत्यांना ठिगळं लावायची. या सगळ्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, हे मुद्दाम सांगायला पाहिजे. काही माणसांना वाईट वाटून घ्यायलाही कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

ती आठवण महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या श्रावणात झाली. निमित्त कानबाईचं.

खानदेशात कानबाई ज्याच्या घरी बसते त्याला तिचा थाट सांगायला नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी नथ-दागिने घालून चौरंगावर बसते, गावोगावचे भाऊबंद एका छपराखाली गोळा होतात, रात्रभर बायांची गाणी. आणि सगळ्यात मोठं काम रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं. रोटाचं धान्य असं पायलीनं मापून घेत नाहीत. घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकायची. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. ते सगळं एकत्र दळायचं, त्याचा रोट करायचा, आणि तो पुनवेच्या आत घरच्यांनीच खाऊन संपवायचा. बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. दिला तर देवी कोपते.

मुठी टाकायचा मान मोठ्या मायचा. ही धुडकूच्या थोरल्या चुलत्याची बायको, तापीबाई. घरातली सगळ्यात वडील बाई. नवरा कधीच गेला होता. तोंडात दात उरले नव्हते, पण शब्द सगळे शाबूत होते.

त्या दिवशी मोठीमाय सूप घेऊन बसली तेव्हा धुडकू शेजारीच जात्याचा खुंटा ठोकत बसला होता. रूपचंदची मूठ पडली. रूपचंदच्या पोरांची पडली. चुलतभाऊ मगन सुरतेच्या गिरणीत कामाला जाऊन तिकडचाच झाला होता, त्यानं किती दिवाळ्यांत घरी तोंड दाखवलं नव्हतं; त्याचीही पडली. मगनच्या बायकोला नुकतंच पोर झालं होतं आणि त्याचं बारसंही व्हायचं होतं, तर मोठीमायनं "मगनना पोऱ्या" असं म्हणून त्या बिननावाच्या जिवाचीही मूठ टाकली. धुडकू कान देऊन ऐकत होता. त्याला वाटलं, आपण या पिढीत थोरले, आपलं नाव मानानं शेवटी घेणार. मग मोठीमायनं सुपावर हात फिरवला, कानबाईला नमस्कार केला आणि धान्य जात्यात ओतलं.

'माझी राहिली' एवढंच बोलायचं होतं. पण आपण आहोत ही आठवण आपणच करून द्यायची, म्हणजे घरच्यानंच भिकाऱ्यासारखी दारात उभं राहून हाक घालायची. धुडकूनं खुंट्यावर शेवटचा ठोका घातला. जातं फिरायला लागलं, आणि एकदा फिरलं की मूठ वाढवता येत नाही.

रात्री रोट पानात आला तेव्हा धुडकूपुढे मोठाच पेच पडला. रोट घरच्यांनीच खायचा. घरचा तो, ज्याची मूठ रोटात आहे. आपली नाही. मग आपण कोण? खाल्ला आणि आपण बाहेरचे निघालो तर देवीचा कोप सगळ्या घराण्यावर, त्या बिननावाच्या पोरावरसुद्धा. त्यानं पान सारलं आणि पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. त्याबरोबर मीनाबाई भिंतीला म्हणाली, "पोट बिघडेल शे ते नुसती पेज देवाले जोयजे." रोट संपेपर्यंत घर पुरण-खीर खात होतं आणि धुडकू पेज पीत होता. अर्थात तो मोटार स्टँडवर जाऊन भजी खाऊन यायचा. स्वतःच्या असण्याचा संशय आला तरी भूक काही संशय घेत नाही.

पण तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच भुंगा लागला. मी आहे की नाही? आणि असलो तर कशाला?

त्यानं पहिल्यांदा मराठी शाळेच्या मास्तरांना गाठलं. मास्तर खुश झाले. असा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं. लोक यायचे ते पोराला पास करा म्हणायला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अरे धुडकू, चौऱ्यांशी लक्ष योनी फिरल्यावर हा मनुष्यजन्म मिळतो. किती दुर्लभ आहे, विचार कर!"

धुडकूनं विचार केला. त्याला जास्तच वाईट वाटलं.

"मास्तर," तो म्हणाला, "इतला लाख दार हिंडीसन मी आठे उनू, आनि घरनासनी सव्वा मूठ टाकी नही?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा पुसला. ते म्हणाले, सोमवारी ये.

मग त्यानं अडत्या शेटला विचारलं. शेट गादीवर लोळत सुपारी कातरत होता. "तुझ्या जिंदगीचा अर्थ? पोतं फुटत नाही, हा तुझ्या जिंदगीचा अर्थ," शेट म्हणाला. "पोतं चांगलं शिवलेलं असलं की कोणी शिवलं हे कोणी विचारत नाही. फुटलं की विचारतात."

शेटनं हे सहज म्हटलं, पण धुडकूला त्यात वाट दिसली. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम एका ज्वारीच्या पोत्याचे टाके सैल सोडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एवढी मोठी लबाडी केली, आणि दिवसभर तो त्या पोत्याकडे बघत बसून राहिला. हमालानं पोतं पाठीवर घेतलं, दोन पावलं टाकली, आणि भस्सकन सगळी ज्वारी ओट्यावर. धुडकू उभा राहिला. आता शेट ओरडणार, कोणी शिवलं रे हे? आणि आपण पुढे होऊन म्हणणार, मी!

शेट आला. सांडलेली ज्वारी पाहिली, सुतळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "उंदरं फार माजलीत." संध्याकाळी त्यानं एक मांजर आणून ओट्यावर सोडलं. येणारे-जाणारे त्या मांजराचं कौतुक करू लागले. त्याला नाव ठेवलं, वाटीत दूध आलं. धुडकू कोपऱ्यात बसून ठिगळं लावत होता आणि मांजर त्याच्याच मांडीवर येऊन झोपत होतं.

त्या रागात त्यानं घर सोडायचं ठरवलं. संसार नव्हताच, तेव्हा संन्यास घ्यायला फार काही सोडावं लागणार नव्हतं. सकाळी धोतर, घोंगडी आणि सवयीनं दाभण असं गाठोडं बांधून तो ओसरीवर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी चालनू."

रूपचंद मशीन चालवत होता. त्याचं मशीन फार खडखड करायचं. मीनाबाईनं मात्र ऐकलं. पदर पुढे घेऊन ती भिंतीला म्हणाली, "येताना कोथिंबीर लई येवानी."

तो तडक चालत प्रकाशा गावाला गेला. तापीच्या काठी केदारेश्वराचं देऊळ, घाट, दक्षिण काशी म्हणतात त्या जागेला. जगण्याचा अर्थ इथं नाही सापडला तर कुठं सापडणार? घाटावर एक बुवा राहत होता. जटा, भस्म, सगळं रीतसर. धुडकूनं पाय धरले आणि आपलं गाऱ्हाणं सांगितलं. बुवानं डोळे मिटले. मग गंभीर आवाजात म्हणाला, "बच्चा, मी-मी सोड. तू कोणी नाहीस. हे ज्या दिवशी तुला कळेल त्या दिवशी तू मुक्त झालास."

धुडकू हात जोडून म्हणाला, "महाराज, मी कोनी नही हाई ते माले घरबी समजेल शे. तेनाकरता इतलं चालत कसाले येतू?"

बुवानं डोळे उघडले. त्याच्याकडे येणारे सगळे गर्वाचं गाठोडं घेऊन यायचे आणि ते सोडवायला त्याला महिनोन्महिने लागायचे. हा तर पहिल्याच दिवशी रिकामा आलेला. याला आता शिकवायचं काय? मग त्याच्याजवळचं दाभण पाहून बुवा म्हणाला, "तुला शिवता येतं ना? माझं बसायचं गोणपाट फाटलंय."

म्हणजे तिथंही पोतंच. धुडकू काठावर बसून गोणपाट शिवायचा, रात्री देवळाच्या ओवरीत झोपायचा, आणि दिवसा शहाद्याकडून येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे आणि बैलगाडीकडे डोळे लावून असायचा. तो जगाचा त्याग करून आला होता, यात शंका नाही. फक्त जगानं ते येऊन पाहावं एवढीच त्याची इच्छा होती. रूपचंद धावत येईल, "भाऊ, घर चाल" म्हणेल, आपण नाही म्हणू, तो रडेल, मग आपण बघू. पण रूपचंद काही येईना.

श्रावणातला शेवटचा सोमवार आला. घाटावर बायांची गर्दी झाली आणि त्या गर्दीत धुडकूला मोठीमाय दिसली. काठी टेकत, एकेक पायरी उतरत, एकटी. शेवटी आलीच कुणीतरी! आणि आली ती हीच, जी विसरली होती तीच. त्यानं गोणपाट टाकलं आणि पाण्याशी धावत गेला.

मोठीमाय तोवर बुडी मारून वर आली होती. डोळ्यांवरचं पाणी निपटून तिनं पाहिलं. "धुडक्या? तू आठे? सेठनी पोती आठे उनात का?"

"तू माले धुंडाले उनी ना, मोठीमाय?"

"तुले? तुले कसाले धुंडू? तू काय हारपना व्हता का?"

धुडकू पायरीवर मटकन बसला. "मंग घर कोनी इचारं नही मन्हं?"

"इचारं ना. मीना रोज इचारस. कोथिंबीर कोठे शे म्हने."

मग मात्र धुडकूचा बांध फुटला. तो भर घाटावर ओरडला, "मोठीमाय, तू रोटमा मन्ही मूठ टाकी नही!"

म्हातारीनं बोटांवर नावं मोजली, पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि एकदम स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. "अरे देवा! इसरी गऊ मी. म्हतारी व्हई गऊ. कानबाई माय, माफी दे वं!" माफी तिनं कानबाईची मागितली, धुडकूची नाही, हे त्याच्या लक्षात आलंच.

मग तो बोलतच सुटला. पंगतीतला भात, दोंडाईच्याचा नारळ, शेटचं मांजर, सगळं. जन्मात बोलला नव्हता एवढा बोलला. आपण घरात आहोत की नाही, असलो तर कुणाला काय फरक पडतो, नसलो तर कुणाला कळेल, या जन्माला अर्थ काय. मोठीमाय पायरीवर बसून केस पुशीत ऐकत होती. तो दम खायला थांबला तेव्हा तिनं विचारलं, "धुडक्या, मन्ही मूठ पडस का रे?"

"तुन्ही?" धुडकू म्हणाला. "बायासनी मूठ ऱ्हास नही." पोराला सांगावं तसं त्यानं ते पटकन सांगून टाकलं. आणि सांगितल्यावर ते त्याला स्वतःला ऐकू आलं.

"मन्ही पडस नही," मोठीमाय म्हणाली. "मीनानी पडस नही. तुन्ही माय जलमभर हाई जातं वढत ऱ्हायनी, तिन्हीबी कधी पडनी नही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडतो, बी उगवतं, तसं सांगितलं तिनं. धुडकूला आई आठवली, पिठानं पांढरे झालेले तिचे हात आठवले. एका वर्षी त्याची मूठ चुकली तर त्यानं मास्तर, शेट, बुवा, सगळ्यांना कामाला लावलं होतं. आई कुणाला काही विचारायला गेल्याचं त्याला आठवेना. त्याला लाज वाटली. आजवर लोकांनी त्याला पाहिलं नव्हतं, हे खरं. पण त्यानं तरी कुणाला पाहिलं होतं?

"तुले वाईट नही वाटनं?" त्यानं विचारलं.

"नवी व्हतू तधळ वाटनं. सासूले इचारं बी. ती बोलनी, हात चालू ठेव."

"मंग?"

"मंग काय?" म्हातारीनं आपला सुरकुतलेला हात उघडला आणि मिटला. "आख्खा घरनं नाव या हातमातून जास. कोनीबी रोट खावो, मन्हा हातना खास. मंग मन्हं बाहेर काय ऱ्हायनं?" आणि तिनं ओलं लुगडं त्याच्या अंगावर फेकलं. "तुन्ही एक साल चुकनी ते तू तापीकाठ धरी बठना. ऊठ, पिळ हाई. मन्हा मनगटमा जोर नही आते."

धुडकूनं लुगडं पिळलं. शिवण त्याची कशीही असो, पिळणं त्याला चांगलं जमलं. बुवाचं गोणपाट त्यानं बुवाला नेऊन दिलं आणि पाया पडला. बुवा म्हणाला, जातोस का, अजून घोंगडी राहिली होती.

शहाद्याच्या मोटारीला सोमवारची ही गर्दी. धुडकूनं मोठ्या मायला बखोटीला धरून चढवलं, रेटारेटी करून तिला खिडकीपाशी जागा मिळवून दिली आणि स्वतः दांड्याला लोंबकळत उभा राहिला. कंडक्टर आला. वर न बघताच म्हणाला, "किती?"

एरवी धुडकू नुसतं बोट वर करायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "दोन."

कंडक्टर तिकिटं फाडू लागला.

"हाई तापीबाई," धुडकू मोठ्यानं म्हणाला. "मन्ही मोठीमाय. आनि मी धुडकू."

मोटारीतली माणसं वळून पाहू लागली. कंडक्टर वैतागला. "अहो बाबा, नावं कुणी विचारली? दोन तिकिटं ना?"

"दोनच," धुडकू म्हणाला. "पन नाव लेवाले जोयजे."

तापीबाई हे नाव चारचौघांत मोठ्यानं कुणी उच्चारल्याला किती वर्षं झाली असतील, ते त्या म्हातारीलाच ठाऊक. नवऱ्यानं कधी घेतलं नाही, सासूनं घेतलं नाही, आणि मग ती सगळ्यांची मोठीमाय झाली. "हळू बोल रे, लाज वाटस," ती म्हणाली, आणि खिडकीकडे अंग चोरून सरकत तिनं त्याला शेजारी बसायला जागा केली.